खानदेशात इस्लामी विधिशास्त्राचे अध्ययनपीठ हवे

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात औरंगजेब बादशहाने हनफी मताच्या असंख्य ग्रंथांतून विखुरलेल्या निर्णयांचे एक प्रमाणभूत संकलन करविण्याचा संकल्प केला, आणि त्या कार्यासाठी आपल्या साम्राज्यातील नामांकित विद्वानांचे एक मंडळ नेमले, तेव्हा त्या मंडळाचे अग्रेसरत्व ज्या पंडिताकडे आले तो शेख निजाम हा बुऱ्हाणपूरचा होता, आणि बुऱ्हाणपूर हे त्या काळी खानदेश सुभ्याचे मुख्य नगर होते. या मंडळाच्या परिश्रमांतून अरबी भाषेत सिद्ध झालेला ‘फतावा-ए-आलमगिरी’ हा ग्रंथ हिंदुस्थानाबाहेर ‘अल-फतावा अल-हिंदिया’ या नावाने विख्यात झाला, कैरोजवळच्या बुलाक येथील सुप्रसिद्ध छापखान्यात तो छापला गेला, आणि १८६५ साली नील बेली यांनी मुख्यतः त्याच्याच आधारे रचलेला इंग्रजी सारग्रंथ इंग्रजी अमदानीतील न्यायासनांपुढे पुढे कित्येक दशके प्रमाण म्हणून वाचला गेला. रावेर तालुक्याची हद्द ओलांडली की लागणारे बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे, पण राज्यपुनर्रचनेच्या रेषांनी विद्येचा वारसा वाटला जात नाही. याच खानदेशात, धुळे जिल्ह्यातील पिंपळनेर येथे, १९०१ साली लक्ष्मणशास्त्री जोशी यांचा जन्म झाला. पुढे वाईच्या प्राज्ञपाठशाळेत राहून त्यांनी संपादिलेला ‘धर्मकोश’ हा हिंदू विधिपरंपरेतील वचनांचा महासंग्रह होय. हिंदुस्थानातील दोन प्राचीन विधिपरंपरांचे दोन महासंग्रह, आणि त्या दोहोंच्या शिरोभागी खानदेशच्या मातीतील दोन पुरुष, ही गोष्ट या प्रदेशाच्या शाळांतून मुलांना सांगितली जावी इतक्या योग्यतेची आहे.

हे सारे सांगण्याचा उद्देश पूर्वजांच्या गौरवात रमण्याचा नाही. माझे प्रतिपादन असे की, जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांसाठी १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालेल्या, आणि २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करणाऱ्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने इस्लामी विधिशास्त्राचा दोन वर्षांचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम आपल्या विधिशाखेत सुरू करावा, तो सर्व धर्मांच्या विद्यार्थ्यांना खुला असावा, आणि त्याचे अध्यापन शक्य तितके मराठीतून व्हावे. आज एल्‌एल. बी. च्या विद्यार्थ्यास हे शास्त्र भेटते ते कौटुंबिक कायद्याच्या प्रश्नपत्रिकांतील एका विभागापुरते. विवाह, तलाक, मेहेर, हिबा, वारसा यांवरील काही प्रकरणे तो परीक्षेपुरती वाचतो, आणि सनद घेऊन न्यायालयात उभा राहिल्यावर त्याच्या हाती सर दिनशा मुल्ला यांच्या ग्रंथाखेरीज फारसे काही नसते.

आता या शास्त्राचे स्वरूप किती सूक्ष्म आहे हे एका साध्या उदाहरणाने पाहू. सुन्नी मताचा एखादा गृहस्थ पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी मागे ठेवून मृत्यू पावला, तर मिळकतीचे चाळीस भाग करून पत्नीस पाच, प्रत्येक मुलास चौदा आणि मुलीस सात द्यावे लागतात. पण त्याची आईही हयात असेल तर हेच भाग एकशेवीस होतात, आणि त्यांतून पत्नीस पंधरा, आईस वीस, मुलांस प्रत्येकी चौतीस आणि मुलीस सतरा अशी विल्हेवाट लागते. जेथे नेमून दिलेल्या हिश्श्यांची बेरीज एका पूर्णांकाहून अधिक होते तेथे सर्वांचे हिस्से प्रमाणाने उणे करावयाचे, आणि जेथे काही शिल्लक राहून ती घेणारा वारस नसतो तेथे ती परत हिस्सेदारांकडे वळवावयाची, अशा या गणिताने मध्ययुगातील विद्वानांकडून अंकगणिताची एक स्वतंत्र शाखाच विकसित करवून घेतली. मृत्युपत्राने एक तृतीयांशाहून अधिक मिळकत वारसांच्या संमतीवाचून देता येत नाही. हिबा, म्हणजे दान, हे केवळ बोलून वा लिहून पुरे होत नाही, तर देणाऱ्याची घोषणा, घेणाऱ्याची स्वीकृती आणि ताब्याची प्रत्यक्ष देवघेव या तिन्ही गोष्टी त्यास लागतात. हे नियम सुन्नी हनफींचे. जळगावच्या वा धुळ्याच्या पेठेत दुकान असलेला दाऊदी बोहरा व्यापारी मात्र इस्माइली मताचा, आणि त्याच्या विधीचा मूलाधार दहाव्या शतकात फातिमी खलिफांच्या राज्यात काझी नुमान याने रचलेला ‘दआइम अल-इस्लाम’ हा ग्रंथ आहे. एकाच रस्त्यावरील दोन शेजाऱ्यांच्या वारशाचा निकाल दोन भिन्न ग्रंथपरंपरांनी लागावा, आणि ते ग्रंथ मुळातून वाचू शकणारा एकही विधिज्ञ पंचक्रोशीत नसावा, ही स्थिती कोणत्याही विद्यापीठाने स्वस्थ चित्ताने पाहत राहण्यासारखी नाही.

जळगाव व धुळे हे जिल्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतात, आणि याच खंडपीठात २००२ साली पूर्ण पीठापुढे दगडू पठाण विरुद्ध रहीमबी हा लातूरकडील खटला आला. पत्नीने पोटगी मागितल्यावर पतीने न्यायालयात केवळ लेखी कैफियत दाखल करून आपण पूर्वीच तलाक दिला आहे असे म्हटले तर तेवढ्याने तलाक सिद्ध होतो काय, असा प्रश्न होता. आणि न्यायालयाने नि:संदिग्ध उत्तर दिले की नाही, तलाकास सयुक्तिक कारण लागते, उभय पक्षांच्या मध्यस्थांकरवी समेटाचा यत्न व्हावा लागतो, आणि या साऱ्या गोष्टी न्यायालयात पुराव्याने शाबीत कराव्या लागतात. त्याच वर्षी काही महिन्यांनी सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा खटल्यात त्याच आशयाचा निर्णय दिला, आणि २२ ऑगस्ट २०१७ रोजी शायरा बानो खटल्यात तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने एकाच बैठकीतील तिहेरी तलाक रद्द झाला. या अखेरच्या निकालाचा एक विशेष सामान्य वाचकांपर्यंत फारसा पोहोचला नाही. बहुमतातील दोन न्यायमूर्तींनी संविधानाच्या समतेच्या तत्त्वावर निर्णय आधारला, पण ज्यांच्या मतामुळे ते बहुमत झाले त्या न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांनी कुराणातील तलाकविषयक आज्ञांचा विचार करून, ही रूढी मुळात शरियतीचाच भाग नव्हे असे ठरविले. म्हणजे लक्षावधी स्त्रियांच्या संसाराशी निगडित असा तो निर्णय ज्या मताने फिरला ते मत इस्लामी विधीच्या अंतर्गत युक्तिवादावर उभे होते. जिल्हा न्यायालयात दाद मागावयास आलेल्या स्त्रीच्या वकिलास हा युक्तिवाद मांडता आला पाहिजे, तर तो त्याला शिकविणारे कोणी पाहिजे.

अज्ञानाची किंमत किती मोठी असते याचाही दाखला इतिहासात आहे. वॉरन हेस्टिंग्जने १७७२ साली मुसलमानांच्या कौटुंबिक बाबी कुराणाच्या कायद्याने चालवाव्या अशी योजना केली, काही काळ न्यायाधीशाशेजारी मौलवी बसविले, आणि १८६४ च्या अधिनियमाने ती नेमणूक बंद झाल्यावर न्यायाधीशांचा सारा भार भाषांतरांवर पडला. त्यांतील ‘हिदाया’ या हनफी विधिग्रंथाचे १७९१ चे हॅमिल्टनकृत इंग्रजी भाषांतर हे मूळ अरबीवरून नव्हे, तर एका फारसी रूपांतरावरून केलेले होते. पुढे १८९४ साली प्रिव्ही कौन्सिलने, स्वतःच्या संततीच्या निर्वाहासाठी केलेला वक्फ हा दानधर्म केवळ नावापुरता असेल तर अवैध, असा निर्णय दिला. मुसलमान विधिज्ञांना तो निर्णय आपल्या शास्त्राचा विपर्यास वाटला. न्यायमूर्ती अमीर अली यांनी तत्पूर्वीच कलकत्ता उच्च न्यायालयात मूळ वचनांच्या आधारे विरुद्ध मत नोंदविले होते. अखेर १९१३ साली कायदेमंडळास स्वतंत्र अधिनियम करून ती चूक दुरुस्त करावी लागली. मधल्या काळात किती कुटुंबांच्या मिळकती विस्कटल्या असतील याची कल्पनाच केलेली बरी.

परंतु खानदेशास या विषयाची जी विशेष गरज आहे ती मला सर्वांत तीव्रतेने जाणवते सातपुड्याच्या पायथ्याशी. चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांतून राहणारे तडवी भिल्ल हे अनुसूचित जमातीत गणले जातात आणि धर्माने मुसलमान आहेत; त्यांच्या विवाहविधींत, नातेसंबंधांत व जमिनीच्या वहिवाटीत भिल्ल समाजाच्या रूढी आणि इस्लामी आचार यांचा शतकानुशतकांचा मेळ आहे. त्यांच्या मुलीचा वारसाहक्क कोणत्या कायद्याने ठरवावयाचा? १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने अनुसूचित जमातींना स्पष्ट शब्दांत वगळले, त्यामुळे गोंड वा पावरा समाजाच्या वारशाचा प्रश्न रूढीकडे जातो. पण १९३७ चा शरियत अधिनियम, जो मुसलमानांच्या बाबतीत विरुद्ध रूढी बाजूस सारून शरियत लागू करतो, त्यात जमातींसाठी असा अपवाद नाही. आणि त्याच अधिनियमाने शेतजमिनीचा प्रश्न मात्र आपल्या कक्षेबाहेर ठेवला आहे. खानदेश १८१८ साली इंग्रजांच्या ताब्यात आला, त्यानंतर नऊ वर्षांनी, एल्फिन्स्टनच्या प्रेरणेने तयार झालेल्या विनियमसंहितेतील १८२७ च्या चौथ्या विनियमाने मुंबई इलाख्यातील न्यायाधीशांस असा हुकूम दिला की, सरकारी कायदा नसेल तेथे आधी त्या मुलखाची वहिवाट पाहावी, ती न आढळल्यास प्रतिवादीचा कायदा पाहावा, आणि तोही नसल्यास न्याय, समता व सदसद्विवेक यांना अनुसरावे. बंगालच्या परंपरेहून मुंबईची परंपरा येथे स्वतंत्र होती, कारण तिने शास्त्रवचनाच्या आधी लोकांच्या वहिवाटीस स्थान दिले. तेव्हा यावल तालुक्यातील एखाद्या तडवी शेतकऱ्याच्या केळीच्या बागेत त्याच्या लेकीचा हिस्सा किती, या एका प्रश्नात १८२७ चा विनियम, १९३७ चा अधिनियम, जमातीची रूढी, हनफी वारसागणित आणि संविधानातील समतेचे कलम, इतके सारे प्रवाह येऊन मिळतात. जगातील कोणत्याही विधिपीठाला अभिमान वाटावा असा हा प्रश्न आहे; त्याचा अभ्यास जेथे व्हावयाचा त्या जळगावपासून ती गावे एसटीने काही तासांच्या अंतरावर आहेत.

इस्लामी विधिशास्त्राचे आधुनिक अध्ययन हे महाराष्ट्रास नवे नाही, आणि ते केवळ मुसलमानांचेही कधी नव्हते. आजही प्रत्येक वकिलाच्या कपाटात असलेला या विषयावरील ग्रंथ लिहिणारे सर दिनशा मुल्ला हे पारशी होते, आणि मुंबईच्या शासकीय विधि महाविद्यालयात ते अध्यापक होते. फैज तय्यबजी यांनी १९१३ साली या कायद्याची तत्त्वे ग्रंथबद्ध केली व पुढे ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. या परंपरेचा उत्कर्षबिंदू म्हणजे आसफ अली असगर फैजी. माथेरान येथे १८९९ साली जन्मलेले, मुंबई व केंब्रिज येथे शिकलेले फैजी १९३८ ते १९४७ या काळात मुंबईच्या शासकीय विधि महाविद्यालयाचे प्राचार्य होते, पुढे इजिप्तमध्ये भारताचे राजदूत झाले, आणि ज्याचा वर उल्लेख केला त्या ‘दआइम अल-इस्लाम’चे मूळ अरबी संहितेवरून चिकित्सक संपादन करून त्यांनी ते कैरोत प्रसिद्ध केले. आपल्या संग्रहातील दुर्मिळ इस्माइली हस्तलिखिते त्यांनी मुंबई विद्यापीठास अर्पण केली. १९४९ साली प्रथम निघालेला त्यांचा मुस्लिम कायद्याची रूपरेषा सांगणारा ग्रंथ वाचताना पानोपानी जाणवते की, श्रद्धावान मनुष्य आणि निष्ठुर चिकित्सक हे एकाच देहात सुखाने नांदू शकतात. महामहोपाध्याय काणे यांनी १९३० ते १९६२ या काळात धर्मशास्त्राच्या इतिहासाचे जे अजस्र काम केले त्याच्या शेजारी फैजींचे काम ठेवावे, इतकी त्याची योग्यता आहे; मात्र काण्यांचे नाव मराठी वाचकाच्या ओठी आहे आणि फैजींचे नाही, याचे मला मनापासून दु:ख वाटते.

अशा अभ्यासक्रमाविरुद्ध आक्षेप येतील, आणि त्यांतील काही प्रामाणिक असतील. सरकारी पैशाने चालणाऱ्या विद्यापीठात धर्माचे शिक्षण कसे, असे एक म्हणतील. संविधानाच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदाने निषिद्ध केले आहे ते धर्मोपदेशपर शिक्षण. एखाद्या परंपरेचे विद्यापीठीय अध्ययन म्हणजे धर्मोपदेश नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ सालीच पंजाबातील गुरुनानक विद्यापीठाच्या संदर्भात स्पष्ट केले. शिवाय येथे ज्याचा अभ्यास करावयाचा तो आज देशात अधिनियमांच्या बळावर अंमलात असलेला कायदा आहे. समान नागरी संहिता येऊ घातली असता हा उद्योग कशाला, असे दुसरे म्हणतील. उत्तराखंडात तशी संहिता २०२५ च्या जानेवारीत अंमलात आली. उद्या अन्यत्रही येईल वा न येईल. पण ज्यांना ती हवी त्यांना, कोणत्या नियमाच्या जागी कोणता नियम आणावयाचा हे ठरविण्यासाठी, आणि ज्यांना ती नको त्यांना आपल्या परंपरेत सुधारणेस किती वाव आहे हे दाखविण्यासाठी, याच ज्ञानाची आवश्यकता आहे. हमीद दलवाई यांनी समान नागरी कायद्याच्या मागणीसाठी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईच्या विधानभवनावर नेला, त्याला साठ वर्षे होत आली. एवढ्या अवधीत या प्रश्नावर मराठीत भाषणे पुष्कळ झाली, पण मूळ ग्रंथ व न्यायालयीन निर्णय समोर ठेवून लिहिणाऱ्या अभ्यासकांची एक पिढी आपल्या विद्यापीठांनी तयार केली नाही, आणि ही उणीव दोन्ही पक्षांना सारखीच भोवली आहे.

तिसरा आक्षेप मुसलमान समाजातील काही आदरणीय वडीलधाऱ्यांकडून येईल: फिक्ह, म्हणजे इस्लामी विधिशास्त्र, हा मदरशांचा प्रांत आहे, विद्यापीठाने त्यात हात का घालावा? खानदेशास मदरशांची मोठी परंपरा आहे. १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच असलेल्या अक्कलकुव्यास मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी उभारलेली जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम ही संस्था तर देशभर ख्यातकीर्त आहे. दर्से निजामीचा दीर्घ पाठ्यक्रम पुरा करून, त्यापुढे फतवा देण्याच्या शास्त्राचे विशेष शिक्षण घेतलेल्या तरुणाची अरबी ग्रंथांतील गती पाहिली की, विद्यापीठातील पदवीधराने नम्र व्हावे. पण त्याच तरुणाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले की फतव्यास कायद्याचे बळ नाही, आणि ५ नोव्हेंबर २०२४ रोजी, उत्तर प्रदेशातील मदरसा अधिनियम वैध ठरवतानाच, कामिल व फाजिल या पदवी-पदव्युत्तर दर्जाच्या परीक्षांपुरता तो विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अधिनियमाशी विसंगत म्हणून रद्द केला. या दोन निर्णयांचा एकत्रित अर्थ असा की, या विषयाची मान्य पदवी विद्यापीठच देऊ शकते, आणि विद्यापीठाने ती दिली नाही तर अनेक वर्षे खपून मिळविलेली त्या तरुणाची विद्या न्यायव्यवस्थेच्या दाराबाहेर उभी राहते. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने २०१३ पासून मदरशांतील पदवीधरांसाठी एक सेतू-अभ्यासक्रम चालविला आहे. जळगावास तसा करण्यास कोणती अडचण आहे? त्या तरुणाने संविधान, पुराव्याचा कायदा आणि न्यायनिर्णय वाचण्याची रीत शिकावी, मणियार विधि महाविद्यालयातून आलेल्या विद्यार्थ्याने त्याच्याकडून अरबी पाठ समजून घ्यावा, आणि दोघांच्या शेजारी मेहरूणच्या एच. जे. थीम महाविद्यालयातून वा शिरपूर-शहाद्याहून आलेली एखादी मुलगी बसलेली असावी. अशा वर्गात तलाकावर जी चर्चा होईल ती दूरचित्रवाणीवरील चर्चेहून फार निराळी असेल, याविषयी मला शंका नाही.

व्यवहाराचे दोन शब्द बोलणे अवश्य आहे. असा अभ्यासक्रम इंग्रजी सारग्रंथांवर चालवावयाचा असेल तर तो न काढलेलाच बरा. पहिल्या वर्षी अरबीचे इतके अध्यापन झाले पाहिजे की, विद्यार्थ्यास ‘हिदाया’तील एक प्रकरण कोशाच्या साह्याने वाचता यावे, उर्दू ज्यास येत नाही त्याने ती शिकावी, आणि मोडी तर सर्वांनीच शिकावी. कारण आपल्याकडील काझींचा इतिहास बराचसा मराठी कागदांत आहे. मराठी अमदानीतील वतनाच्या व वृत्तीच्या तंट्यांत देशमुख, देशपांडे यांच्या बरोबरीने काझीही मजलिशीत बसे आणि निवाड्याच्या महजरावर त्याची मोहोर उमटे, डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ साली मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवर प्रसिद्ध केलेला ग्रंथ अशाच महजरांवर उभा आहे. धुळ्यास इतिहासाचार्य राजवाडे यांच्या मृत्यूनंतर १९२७ साली स्थापन झालेले संशोधन मंडळ आहे, तेथे जुन्या कागदपत्रांचा संग्रह आहे आणि कागद वाचण्याची शिस्त आहे. दुसऱ्या वर्षाचे संशोधनसत्र धुळ्यास, त्या मंडळाच्या सहकार्याने व्हावे. अध्यापक मात्र दोन प्रकारचे लागतील, एक अरबी ग्रंथांत मुरलेला आणि एक न्यायालयात मुरलेला, आणि दोघांनी एकाच वर्गात एकाच वेळी शिकवावे, अन्यथा दोन अर्धवट शास्त्रे विद्यार्थ्याच्या माथी मारली जातील. आरंभी ही माणसे अन्य विद्यापीठांतून अभ्यागत म्हणून आणावी लागली तरी चालेल.

विधिशाखेच्या अभ्यास मंडळाने ही तजवीज विचारात घेऊन विद्यापरिषदेपुढे ठेवावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. आणि पहिल्या तुकडीच्या प्रबंधांचे विषय ठरविताना एक विषय तरी सातपुड्याच्या पायथ्याच्या तडवी गावांसाठी राखून ठेवावा. विद्यार्थ्याने तलाठ्याच्या दफ्तरातील फेरफार नोंदी पिढीमागून पिढी वाचाव्या, बापाच्या मृत्यूनंतर सातबाऱ्यावर बहिणींची नावे कोणत्या साली लागली, कोणत्या साली हक्कसोडपत्राने गळाली आणि कोठे मुळात लागलीच नाहीत हे नोंदवावे, गावातील वृद्ध स्त्रियांना त्या वेळी काय घडले ते त्यांच्याच बोलीत विचारावे, आणि मग त्या साऱ्या हकीकतीशेजारी हनफी वारसागणिताचा तक्ता व १८२७ चा विनियम मांडून, त्या गावात प्रत्यक्षात कोणता कायदा चालत आला आहे ते लिहावे.